लवूच्या कॉर्नेटमधला समंध

रत्नागिरीच्या राजिवड्यात नझीरच्या घरासमोर त्या रविवारी एवढी माणसं जमली होती, की खाडीवरून आलेल्या मासळीच्या पाट्या रस्त्यातच उतरवून बायका पुढे घुसल्या होत्या. पाट्यांकडे फक्त मांजरांचं लक्ष होतं. बाकी सगळ्यांचे डोळे पडवीतल्या एका पेटीवर खिळले होते.

पेटीत दोन चकत्या गरगर फिरत होत्या. समोर एक हिरवा डोळा लुकलुकत होता. आणि आतून आवाज येत होता, "गुर्रर्र... ख्खर्रर्र... घ्र्याँ..."

"ऐकलंस? माझं नाव घेतलंन!" गंगुबाई किंचाळली. "माझी सासू ती. 'गंगे, मीठ जास्त झालंय' म्हणालीन. बारा वर्षं झाली मरून, पण जीभ तीच!"

"खुळी काय गो तू?" विठू सुतार म्हणाला. "ते माझे आजोबा. बांधावरच्या फणसाचं विचारतायत. फणस आमचाच होता म्हणतायत."

"फणस तुमचा? परत लाव रे ती टेप!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी त्या सगळ्यांच्या मागे नारळाच्या बुंध्याला टेकून उभा होतो. गर्दीत पुढे जाणं मला कधी जमलं नाही. वय त्रेसष्ट, काम वाचनालयातली पुस्तकं देण्याघेण्याचं. दिवसभर बोललेली वाक्यं मोजली तर "सही करा" आणि "पान दुमडू नका" ही दोनच भरतील. मलाही त्या गुरगुराटात काही शब्द ऐकू येतात का, म्हणून मी कान देऊन पाहिलं. खरं सांगतो, क्षणभर मला "पान दुमडू नका" असं ऐकू आलं. तेव्हाच माझ्या मनात पहिली शंका आली. ज्याला जे हवं तेच ऐकू येत असेल, तर बोलणारा पेटीत नसून ऐकणाऱ्याच्या डोक्यात असणार. पण मी गप्प राहिलो. चार लोकांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

आता ही पेटी आली कुठून ते सांगतो. नझीर बोटीवर खलाशी. १९५७ च्या डिसेंबरात रजेवर येताना त्याने जर्मनीतून टेपरेकॉर्डर आणला. परत बोटीवर जाताना त्याला गावचा बँड बरोबर न्यायचा होता. "समुद्रावर सहा-सहा महिने इंजिनाची घरघर ऐकतो मी," तो म्हणाला. "आता सुलेमान मास्तरांचा बँड ऐकीन."

सुलेमान मास्तरांचा बँड म्हणजे आमच्या रत्नागिरीची शान. लग्न हिंदूंचं असो की मुसलमानांचं, बँड तोच. त्यात कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य, वाजवणारा लवू. पलटणीच्या बँडमधल्या आजोबांकडून त्याच्याकडे आलेलं ते चांदीच्या मुलाम्याचं कॉर्नेट त्याने तोंडाला लावलं, की आवाज खाडीपलीकडच्या भाट्याच्या वाळूपर्यंत जायचा.

या बँडची एक रीत आहे. कुणाच्या घरी वाजवायला गेलं की आधी यजमानाला सलामी. कॉर्नेटवाला यजमानापुढे हातभर अंतरावर उभा राहतो आणि पोटातला सगळा वारा एका सुरात ओततो. यजमानाने डोळे घट्ट मिटले नाहीत, तर सलामी कमी पडली असं समजतात. टेप भरायच्या दिवशी प्रश्न पडला, की यजमान कोण? नझीर म्हणाला, "मी कसला यजमान? ऐकणार ती मशीन."

"मग मान मशीनचा," सुलेमान मास्तरांनी निकाल दिला. "तिचा कान कुठाय?"

नझीरने मायक्रोफोन दाखवला. कान एवढासा, त्यात मशीन परदेशी, आपली गाणी तिला ठाऊक नाहीत. म्हणजे समजेल असं जवळून सांगायला हवं, असा लवूने विचार केला. त्याने कॉर्नेटचं तोंड मायक्रोफोनला जवळजवळ टेकवलं आणि सलामी दिली. पुढची सगळी गाणीही तिथूनच वाजवली. मानाची जागा सोडायची कशी?

टेप लावून ऐकली, तर ढोल स्वच्छ, क्लॅरिनेट स्वच्छ, आणि कॉर्नेट आलं की गुर्रर्र! नझीरने आवाजाचं बटण अर्ध्यावर आणून पुन्हा वाजवून घेतलं. मघाशी आवाज फार झाल्याची खूण म्हणून गच्च मिटणारा हिरवा डोळा आता शांत होता. तरी गुर्रर्र! फक्त हळू आवाजात गुर्रर्र. बटण आणखी खाली आणलं, तर एखादा समंध कुजबुजल्यासारखं वाटू लागलं. तेव्हा मात्र बँडवाले उठून अंगणात गेले.

आणि तिथेच नादबाबा प्रकटले.

धर्मशाळेत महिनाभर उतरलेला हा पुरुष. भगवी कफनी, जटा, गळ्यात तांब्याच्या ताइतांची माळ. टेप ऐकून ते डोळे मिटून डोलले आणि म्हणाले, "नाद म्हणजे कंप. कंप म्हणजे ब्रह्म. तुम्ही हिरव्या डोळ्याकडे बघता. तो तुमच्याकडे बघतो. आम्ही दोघांकडे बघतो."

"पण गुरगुरतं काय, महाराज?" सुलेमान मास्तरांनी विचारलं.

"समंध. या वाद्यात एक गोरा सोल्जर मेला आहे. फुंकता फुंकता प्राण गेला. तो पोंग्यात अडकला."

"पण इंग्रज तर सत्तेचाळीस साली गेले ना?" विठू सुताराने विचारलं.

"देहाने गेले," बाबा म्हणाले. "तोंडाने राहिले."

या उत्तरावर सगळ्यांनी माना डोलावल्या. गंगुबाईने एकच अडचण काढली, की गोऱ्याच्या भुतामागे तिची मालवणी सासू कशी आली? बाबांनी तीही सोडवली. "दार उघडं मिळालं की बाकीचे पितरही घुसणारच. आत फार गर्दी आहे."

म्हणून त्या रविवारी राजिवड्यात एवढी माणसं जमली होती. बाबा आज बंदोबस्त करून दाखवणार होते.

मायक्रोफोनची तार मुळात आखूड. नझीरने तिला मध्ये दुसरी तार जोडून वर काळी पट्टी गुंडाळली होती. बाबांनी त्या जोडावर लाल फडकं टाकलं, माळेतला अंगठ्याएवढा एक ताईत सोडवला आणि आज्ञा केली, "सर्वांनी अकरा श्वास डोळे मिटा. जो उघडेल त्याचा कान समंध नेईल."

सगळ्यांनी डोळे मिटले. कित्येकांनी कानही झाकले. मी मिटले नाहीत. यात धैर्याचं काही नाही. अशा सूचना मला उद्देशून नसतातच असं मला कायम वाटत आलंय. नारळामागे उभ्या असलेल्या माणसाला कोण मोजतं?

त्यामुळे मला दिसलं ते असं. फडकं बाजूला सारून बाबांनी काळी पट्टी सोडली. तारेवरचं रबर दातांनी सोललं, सफाईने, शेंगा सोलाव्यात तसं. ताइताच्या दोन्ही तोंडांतून बाहेर आलेली तांब्याची टोकं तारांना पिळून बसवली. मग सगळं फडक्यात बांधून वर शेंदूर लावला.

"लवू, वाजव!"

लवूने घाबरत घाबरत कॉर्नेट कानाशी, म्हणजे मायक्रोफोनशी, नेलं आणि वाजवलं. टेप उलटी फिरवून ऐकली. आणि काय सांगू! कॉर्नेट असं स्वच्छ वाजलं, की नझीरची आई हाजराबी पदराने डोळे पुसू लागली. लोकांनी बाबांच्या पायावर लोटांगणं घातली. एकाने पेटीवर नारळ फोडायला उचलला, तो नझीरने वरच्यावर पकडला म्हणून पेटी वाचली.

बाबांनी ताईत काढून घेतला. पुन्हा गुर्रर्र! लोक दोन पावलं मागे.

"ताइताची शक्ती घडीभराची," बाबा म्हणाले. "समंध आता वादकाच्या छातीत उतरू पाहतोय. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी सकाळी हे वाद्य पूर्णगडच्या खोल पाण्यात सोडायचं. होडीत मी एकटा जाईन. दुसरं कोणी आलं तर त्याला धरील."

लवूचा चेहरा राखेसारखा झाला.

शनिवारी दुपारी वाचनालयात मी एकटाच होतो. लवूची बायको मथुरा दाराशी येऊन उभी राहिली. हातात लुगड्यात गुंडाळलेलं कॉर्नेट.

"नाना, आत येऊ? चपला भायेर काढल्यात."

"ये ये. इथे कुणी चपला काढत नाही."

तिने बोचकं टेबलावर ठेवलं. "तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. पितळेत भूत राहतं, असं एखाद्या पुस्तकात हाय काय?"

मी काय सांगणार? माझ्याकडे भुतांची एकोणीस पुस्तकं होती, आणि ती सगळ्यांत जास्त फाटलेली होती. मी म्हणालो, "लवू काय म्हणतो?"

"बोलतच नाय. सहा दिवस झाले, धड जेवण नाय. मास्तर म्हणाले, लग्नाचे दिवस तोंडावर, पण भुताचा माणूस बँडात कसा घेऊ? ते एक वेळ सोसलं असतं, नाना." तिने पदर तोंडाशी धरला. "पोरगी जवळ गेली तर ढकलतो. दोन वर्षांची ती. म्हणतो, माझ्या श्वासात समंध हाय, पोरीला लागेल. तोंड फिरवून झोपतो. कॉर्नेट गेलं तर गेलं, पण माझा माणूस हसता परत मिळेल काय, ते बघा पुस्तकात."

ती बोचकं घेऊन गेली. मला माझी लाज वाटली. बाबांनी दातांनी तार सोलताना मी पाहिलं होतं, आणि सहा दिवस गप्प होतो.

वाचनालयात रेडिओ दुरुस्तीचं एक इंग्रजी पुस्तक होतं. एकदाही बाहेर गेलं नव्हतं. त्यात शोधता शोधता एक परिच्छेद सापडला. मायक्रोफोनवर फार मोठा आवाज पडला, तर यंत्रातला पहिला व्हॉल्व्हच, म्हणजे आवाज वाढवणारा काचेचा दिवाच, तो सहन करू शकत नाही. सूर तिथेच फाटतो. आवाजाचं बटण त्या व्हॉल्व्हच्या नंतर येतं, म्हणून ते कितीही खाली आणलं तरी फाटलेला सूर फाटलेलाच राहतो. उपाय असा, की यंत्रात शिरण्याआधीच तारेतला जोर कमी करावा. त्यासाठी दोन रेझिस्टन्स, म्हणजे विजेचा जोर अडवणाऱ्या छोट्या नळ्या, पुरेत. एक तारेच्या वाटेत, दुसरा दोन तारांच्या मधोमध.

वाचनालयाचा रेडिओ तीन वर्षं बंद होता. मी त्याचं पोट उघडलं आणि शेंगदाण्याएवढ्या, रंगीत पट्ट्यांच्या दोन नळ्या कापून घेतल्या. रंगांवरून त्यांची ताकद ठरते म्हणे. पट्टा तपकिरी होता की लाल, हे मला चष्मा पुसपुसूनही नक्की सांगता येईना. त्या पुस्तकाप्रमाणे पिळून जोडल्या आणि एका रिकाम्या काडेपेटीत बसवल्या. चार तारा बाहेर काढल्या. काडेपेटी हातात घेऊन पाहिली, तेव्हा तिच्यावर माझाच विश्वास बसेना.

रविवारी सकाळी पुन्हा तीच गर्दी. दुसऱ्या दिवशी विसर्जन, म्हणून आज कॉर्नेटची शेवटची पूजा. लवू कोपऱ्यात खाली मान घालून बसला होता. बाबा कॉर्नेटला हार घालत होते, आणि हार घालता घालता त्याच्या मुलाम्यावरून सराफासारखा अंगठा फिरवत होते.

मी नारळाच्या बुंध्यापासून निघालो. पडवीपर्यंतची ती वीस पावलं मला अजून आठवतात. बोलण्यासाठी मी तीन वाक्यं पाठ केली होती. पडवीत पोचेपर्यंत तिन्ही विसरलो.

"मी... माझ्याकडे एक काडेपेटी आहे," मी म्हणालो.

"अगरबत्ती लावलीय, नाना," विठू म्हणाला. "बसा तुम्ही."

लोक हसले. मी परत फिरलोच असतो. पण हाजराबीने माझा हात धरला. "थांबा. वीस वर्षांत या माणसाला मी पहिल्यांदा तोंड उघडताना बघते. काय म्हणतायत ते ऐका की मेल्यांनो!"

मी नझीरला काडेपेटी दिली आणि ती तारेच्या जोडात बसवायला सांगितली. फडकं नको, डोळे मिटायला नकोत. मग लवूला म्हणालो, "एकदाच वाजव. माझ्यासाठी."

"नको, नाना. श्वास..."

"माझ्या तोंडावर सोड तुझा श्वास. मी म्हातारा आहे."

लवूने हार काढून कॉर्नेट उचललं आणि मायक्रोफोनला टेकवून सलामी दिली. पडवीचे वासे हादरले. नझीरने टेप मागे फिरवली. तो तपकिरी पट्टा लाल तर नसेल?

टेपमधून सलामी आली. अगदी स्वच्छ. धुतलेल्या काचेसारखी.

"काडेपेटीत मंत्र घातलान नानांनी!" गंगुबाई ओरडली.

"मंत्र नाही," बाबा घाईने म्हणाले. "समंध आमच्या पूजेने आज पहाटेच निघाला. काडेपेटीचा संबंध नाही. मात्र वाद्य अपवित्र आहे, विसर्जन करावंच लागेल."

"निघाला ना?" मी विचारलं. "मग काडेपेटी काढून ठेवू. आणि लवूऐवजी आता आपणच मंत्र म्हणा. पण सलामीसारखा, मायक्रोफोनला तोंड लावून."

बाबांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण "म्हणा महाराज, म्हणा! पेटी पवित्र होईल!" असा भक्तांनीच गलका केला. भक्तांपुढे कुठल्या बाबांचं चाललंय? नझीरने काडेपेटी काढून तार पुन्हा जोडली, आणि बाबांनी हळूच, पुटपुटत सुरुवात केली.

"जोरात, महाराज! धर्मशाळेत म्हणता तसा!"

शेवटी त्यांना आपला तो बेंबीच्या देठापासूनचा "ओऽऽम् नादाय फट्!" मायक्रोफोनमध्ये ओरडावाच लागला. नझीरने टेप लावली.

"घ्र्याँऽऽम् ख्खर्राय फर्रर्रट्!"

विठू सुतार म्हणाला, "अरे, बाबांच्याच अंगात गोरा शिरलान!"

"त्याला बांधा!"

"होडी तयारच हाय. कॉर्नेटाऐवजी यांनाच सोडू या पूर्णगडला!"

दोघे जण खरंच दोरी आणायला धावले. आता मलाच भीती वाटली. मी दोन्ही हात वर केले. "थांबा, थांबा! बाबांच्या अंगात काही नाही. लवूच्याही नाही. हाजराबी, तुम्ही ओरडा."

हाजराबीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मायक्रोफोन तोंडाशी धरून तिने मांजराला हाकललं. टेपमध्ये तीही गुरगुरली. मग दोन हात लांबून हाकललं. टेपमध्ये शब्द न् शब्द ऐकू आला, आणि त्यातले काही शब्द मला इथे लिहिता येत नाहीत.

"म्हणजे मलाही समंध लागला? आणि दोन हात मागे सरकले की सुटला?" तिने कमरेवर हात ठेवून विचारलं. "एवढ्याशा चालण्याने जातो तर कसला समंध तो?"

मी स्वयंपाकघरातून तेलाचं नरसाळं मागितलं. "यात कुणी बादलीने तेल ओतलं तर?"

"सांडेल," मथुरा मागून म्हणाली.

"खाली बाटलीला तोटी लावली आणि ती बंद केली तर सांडायचं थांबेल?"

"कसं थांबेल? वरच्या वर सांडतंय ते. ओतणाऱ्यानेच हात हलका करायला हवा."

"झालं. पेटीचं बटण म्हणजे खालची तोटी. लवू बादलीने ओततो. काडेपेटीतल्या या दोन नळ्या त्याचा हात हलका करतात." मी काडेपेटी उघडून दाखवली. "आता बाबांच्या ताइतात काय आहे तेही बघू."

"ताईत उघडला तर प्रलय होईल!" बाबा गरजले.

"मग प्रलय कोकणात आधी कुठे येतो ते कळेल," सुलेमान मास्तर म्हणाले आणि त्यांनी ताइताचं तोंड चिमट्याने उपटलं. आत मेण होतं. मेणात रंगीत पट्ट्यांच्या दोन नळ्या. माझ्यासारख्याच. फक्त त्यांचं कथलाचा डाग देऊन केलेलं काम माझ्यापेक्षा कितीतरी सुबक होतं. हा माणूस पूर्वी कुठेतरी लाउडस्पीकर लावायच्या कामावर असावा, असा माझा अंदाज. नक्की सांगत नाही.

"मी तुमची परीक्षा घेत होतो," बाबा झोळी उचलत म्हणाले.

"पास झालो ना?" हाजराबी म्हणाली. "मग सुट्टी. जा आता."

बाबा गेले. लोकांनी वाट करून दिली, काहींनी सवयीने नमस्कारही केला. मी लवूकडे पाहिलं. तो कॉर्नेट मांडीवर घेऊन बसला होता. मथुराने मुलगी त्याच्या पुढ्यात आणून ठेवली. त्याने आधी स्वतःच्या तळहातावर फुंकर मारून पाहिली. मग तिच्या कपाळावर हलकेच. पोरगी खिदळली आणि म्हणाली, "अजून!" लवूने पुन्हा फुंकर मारली, आणि मग तो रडायला लागला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण चार दिवसांनी नझीरकडे गेलो, तर पेटीशेजारी माझी काडेपेटी पाटावर मांडलेली. वर हळदकुंकू आणि जास्वंदीचं फूल. गंगुबाई तिला हात जोडून विचारत होती, नातवाला गोवर आलाय, एक दिवस घरी नेऊ का?

मी काही बोललो नाही. मला बोलता येत नाही, हे मी आधीच सांगितलं. मी फूल गंगुबाईच्या हातात दिलं, तिला नातवासाठी डॉक्टरांचं घर दाखवलं, आणि परत येऊन काडेपेटीचं वरचं कवच काढून चुलीत टाकलं. आता दोन्ही नळ्या उघड्याच असतात. नझीर सगळा बँड टेपवर भरून घेऊन बोटीवर गेला तेव्हा ती उघडी काडेपेटी वाचनालयाला देऊन गेला. टेबलावर ठेवली आहे. कुणीही यावं, बोट लावून बघावं, आत काय आहे ते विचारावं. मला माहीत असेल तर सांगीन. नसेल तर पुस्तकात शोधू. आणि जो कोणी तुम्हाला डोळे मिटायला सांगून झाकलेली वस्तू देईल, त्याच्यासमोर डोळे उघडे ठेवा आणि ती वस्तू आधी उघडा. तुमचा कान कुणी नेणार नाही. मी डोळे उघडे ठेवले होते. माझे दोन्ही कान शाबूत आहेत.